बंदरावरचा पुकारा

वैशाख लागला की माझं बूड एका जागी टेकत नाही. परीक्षा झालेल्या असतात, निकाल लागलेले असतात, शाळेच्या फाटकाला कुलूप पडलेलं असतं. म्हणजे मास्तरणीनं पाय पसरून लोळायचे दिवस. पण दुपारी वारा सुटला की मी उठते. खिडकी लावते. उकडतं म्हणून पुन्हा उघडते. गच्चीवर जाते, कुरडयांवरच्या फडक्याला लावलेले दगड नीट आहेत का बघते, खाली येते, आणि आपण खरंच दगड बघितले का, या शंकेनं परत वर जाते. नवरा म्हणतो, "अगं, बस की जरा. तुला बघून मलाच दम लागायला लागलाय." मी बसते. त्याचा चहा पिऊन होईपर्यंत बसते आणि पुन्हा उठते.

नगरला (कागदावर अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं) हा वारा नुसती धूळ आणतो. टीव्हीवर, डाळीच्या डब्याच्या झाकणावर, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. आमच्या गावाकडं, पाथर्डीच्या पलीकडच्या माळावर, तो माणसं आणायचा. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला खाली निघून जायचं. दारांना कुलपं, ओट्यांवर म्हाताऱ्या आणि आमच्यासारखी शाळेपायी मागं ठेवलेली पोरं. मी चुलत्यांकडं असायची. संपत, माझा धाकटा भाऊ, तेव्हा शाळेच्या वयाचा नव्हता म्हणून आईदादांबरोबर जायचा. चैत्र सरता सरता कारखाने बंद व्हायचे आणि मग एखाद्या दुपारी फाट्याकडून धुरळा उठलेला दिसायचा. धुरळ्यातून ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, बाजा, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर बसलेली, ओळखू येणार नाहीत इतकी रापलेली आमची माणसं.

त्यांच्या अंगाला एक वास असायचा. पाचटाच्या धुराचा, आंबलेल्या रसाचा आणि घामाचा. आईच्या पदरात तोंड खुपसलं की तो नाकात जायचा आणि मला शिंका यायच्या. संपत ट्रॅक्टर थांबायच्या आधीच उडी मारायचा आणि दादांचा मार खायचा. त्याला थांबणं म्हणून माहीत नव्हतं. अजूनही वैशाखात कुठं उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी राहिले की मला आधी शिंक येते आणि मग गलबलून येतं. रसवाला म्हणतो, बाई, बर्फ कमी टाकू का.

तर वैशाख म्हणजे माणसं परत यायचे दिवस, हे आमच्या हाडात बसलेलं. आणि काही वर्षांपूर्वीच्या अशाच वैशाखात संपतचं जहाज बुडालं.

पाथर्डीचा माणूस जहाजावर कसा, असं अजूनही विचारतात. पाऊस नसलेल्या तालुक्यातला माणूस पाण्यावर जातो याची लोकांना गंमत वाटते. मलाही वाटायची, मी त्याला चिडवायचे. त्यानं फिटरचं शिक्षण घेतलं होतं. लग्नानंतर एकदोन हंगाम तो आणि कुसुम, माझी भावजय, ऊसतोडीला गेले. तिथं कुसुमच्या पायावर कोयता बसला. जखम भरली, पण त्या दिवशी संपतनं शपथ घेतली की हिला पुन्हा फडात नेणार नाही. मग कुणाच्या तरी ओळखीनं मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम मिळालं. गावात येताना तो आता बॅग घेऊन यायचा, चाकांची. आमच्या मुरमाड वाटेवर ती चाकं काय चालणार, शेवटी डोक्यावरच घ्यायचा.

फोनवर आईला सगळं खरंखोटं सांगायचा. एकदा मी समोर होते. तो म्हणाला, "आये, हितं बी पुकारा आस्तो. समद्यांनी वर यून हुभं ऱ्हायचं, नावं घेत्यात, ज्यानं त्यानं हाय म्हनायचं."

आईनं विचारलं, "मंग तुझं कोन म्हनतं?"

"माझं मीच म्हनतो, आये. हितं कोयता न्हाई."

आई फोन ठेवून बराच वेळ अस्वस्थ होती. आपलं आपणच हाय म्हणायचं, हे तिला काही पटलं नाही.

हे कळायला फडातली सकाळ माहीत पाहिजे. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळी बांधते. उजाडायच्या आत मुकादम कोप्यांपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढं, उभा राहून नावं पुकारतो, गड्यांची. गडी बैलांकडं गेला असेल, पाण्याला गेला असेल, तर त्याच्या कोयत्यातली बाई आतून ओरडते, हाय. आजारी असला, गावाकडं गेला असला, तर न्हाई म्हणते. दोन्ही चालतं. चालत नाही ते गप्प राहणं. नावाला उत्तर आलं नाही की मुकादम समजतो, गडी पळाला. मग टोळीभर होतं, त्याच्या गावापर्यंत जातं, अमक्याचा तमका पळाला म्हणून. दादा एकदा तापानं फणफणले होते आणि आई चुलीपाशी वाकलेली असताना तिला पुकारा ऐकू आला नाही. तेवढ्यावरून दादांना पुढचा सबंध हंगाम पळपुट्या म्हणून चिडवत होते. आई ते कधी विसरली नाही. दादा गेले त्या दिवशीही रडताना तिनं ते सांगितलं.

वादळाचे ते दिवस मला सलग आठवत नाहीत. टीव्हीवर वाकलेले माड आठवतात. शेजारणींनी न सांगता आणून ठेवलेले भाकरीचे टोपले आठवतात. कुसुमच्या हातातला फोन आठवतो, ती तो सारखा पदराला पुसायची. गावात तेव्हा आकाश निरभ्र होतं, वारासुद्धा नव्हता, आणि आम्ही त्या कोरड्या आकाशाखाली बसून वादळाची वाट बघत होतो. जहाज बुडालं हे कळलं. काही जण वाचले. काहींना मच्छीमारांच्या होड्यांनी किनाऱ्यावर आणलं, ते जिवंत नव्हते. काहींचं काहीच मिळालं नाही. संपत त्या काहींमधला.

ज्या शहराच्या होड्या त्यांना शोधायला गेल्या होत्या, ते कोकणातलं बंदर आहे. आई त्याला नाव घेऊन बोलत नाही, नुसतं बंदर म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणते. त्या शहराचा आणि आमच्या माणसांचा तसा संबंध काय. जहाज कुठलंतरी, खलाशी कुठकुठले. पण ज्यांनी आपल्या हातांनी ती माणसं पाण्यातून वर ओढली, त्यांना विसरता आलं नाही. दुसऱ्या वर्षी त्या दिवशी त्यांनी होड्या समुद्रात घातल्याच नाहीत. धक्क्यावर जमले. जहाजांचे भोंगे वाजवले, बुडालेल्या एकेकाचं नाव घेतलं, प्रत्येक नावाला एक घंटा दिली. तेव्हापासून दर वर्षी करतात. त्यांच्यातले एक म्हातारे तांडेल आहेत, सगळा जन्म होडी हाकलेले. नावं तेच घेतात आणि घरच्या लोकांना फोनही तेच करतात. "ताई, आईंना घेऊन या. राहायची सोय आमच्याकडे. काही आणू नका, नुसत्या या."

पहिल्यांदा गेलो ते आठवतं. आईनं तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. धक्क्यावर पोचल्यावर तिनं आधी नाक वर केलं आणि म्हणाली, "ह्यो तर बाजारातल्या सुकटाचा वास हाय." मग खूप वेळ बघत राहिली. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो, त्यापुढं हंड्यांची रांग लागते, त्या रांगेत सारा जन्म गेलेली बाई. शेवटी म्हणाली, "एवढं पानी, आन प्यायला घोट न्हाई व्हय?"  कुसुमनं समुद्राकडं पाठच केली होती.

भोंगे झाले. कारखान्याच्या भोंग्यासारखेच, पण छातीत घुमणारे. मग तांडेलकाकांनी नावं घ्यायला सुरुवात केली. नाव, शांतता, घंटा. नाव, शांतता, घंटा. माणसं माना खाली घालून उभी. संपतचं नाव आलं, पूर्ण नाव, दादांच्या नावासकट. आणि माझ्या शेजारून आई मोठ्यानं म्हणाली, "हाय."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. तांडेलकाकांचा हात घंटेच्या दोरीवर होता, तो तसाच राहिला. मी आईचा दंड धरला. मला लाज वाटली, राग आला आणि रडूही आलं, सगळं एकदम. आई मात्र अगदी निवांत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सगळी गप ऱ्हात्यात गं. पळाला म्हनायचे."

परतीच्या एसटीत तिनं भेळ खाल्ली. इतक्या महिन्यांत तिला अशी चवीनं खाताना मी पाहिलं नव्हतं. कुसुम खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि घाट चढून वर येईपर्यंत तिनं ते वळवलं नाही.

त्यानंतर दर वर्षी तेच. बंदरातल्या लोकांनी काही विचारलं नाही. तांडेलकाका संपतचं नाव घेतात, आईकडं बघतात, ती हाय म्हणते, आणि ते पुढचं नाव घेतात. संपतला घंटा देत नाहीत. कुठल्याही मोठ्या सभेत एवढी समज मी पाहिली नाही. आणि त्याच समजूतदारपणानं, खरं सांगते, आमच्या घरात एक जिवंत बाई अडकून पडली.

कारण संपत हाय म्हटल्यावर घर त्याच्यासाठी तयार ठेवावं लागतं. वैशाख आला की आई घराला चुना देते. संपतचे शर्ट ट्रंकेतून काढून धुते, वाळवते, घड्या घालून परत ठेवते. कुसुमच्या हातात हिरव्या बांगड्या पाहिजेत, कुंकू पाहिजे. आणि दाराला कुलूप नको. "आला आन कुलूप दिसलं तर?" या एका वाक्यापुढं कुणाचं काही चालत नाही. कुसुम माहेरच्या लग्नाला गेली तर त्याच दिवशी परत येते. हल्ली गावातल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलावतात, पण कुंकू लावताना त्यांचा हात क्षणभर थबकतो. ते तिला दिसतं. मलाही दिसतं.

गेल्या हिवाळ्यात नगरला माझ्या घरापासून जवळच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी होती. राहायला खोली, पगार वेळेवर. कुसुमच्या हातची भाकरी म्हणजे काय सांगावं. मी शब्द टाकला आणि त्यांनी तिला बोलावलं. तिनं येते म्हणून सांगितलं, मग न्हाई म्हणून सांगितलं, मग म्हणाली, शाळा सुरू होईस्तोवर थांबत्याल का इचारा. ते थांबले. आई म्हणाली, "जाय की. पर तो यीस्तोवर ऱ्हा."

यंदा सुट्टी लागल्याबरोबर मी त्यांना न्यायला गावी गेले. दारापुढच्या लिंबाखाली दोघी बाजरी निवडत होत्या. चुन्याचा वास होता. दोरीवर संपतचे शर्ट वाऱ्यानं फुगत होते, आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळून उगाच इकडून तिकडं हिंडत होते. तेवढ्यात कुसुम सुपातून नजर न काढता म्हणाली, "आक्का, औंदा पुकाऱ्याला मी बोलनार."

आई म्हणाली, "मी हाय की बोलाया."

"तुमी कशापायी, आत्याबाई? कोयता माझा हुता."

आईचा हात थांबला. फडाचा नियम तिनंच आम्हाला शिकवलेला. गड्याच्या नावाला त्याच्या कोयत्यातली बाई बोलते, आई बोलत नाही. एवढी वर्षं ती कुसुमच्या जागी बोलत होती, आणि ते तिला त्या लिंबाखाली पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.

मग आईनं विचारलं, "आन काय म्हनशील?"

कुसुमनं एक खडा काढून बाजूला टाकला. "तवाचं तवा."

जीपनं पाथर्डी, एसटीनं नगर, मग पुढचा लांबचा प्रवास. मी एसटीत निदान शंभर वेळा जागा बदलली असेल. वाहक म्हणाला, "बाई, तिकीट एका शिटाचंय." दोघी मात्र शेजारी शेजारी बसून होत्या, एकमेकींशी भांडलेल्या नाहीत, बोलतही नाहीत. आईनं दशम्या काढल्या, कुसुमला दिल्या, कुसुमनं खाल्ल्या. मी घाटाच्या दर वळणाला कुसुमचं तोंड बघत होते. ती हाय म्हणाली तर आणखी एक वर्ष चुना, शर्ट, बांगड्या. वसतिगृहवाले काही जन्मभर थांबणार नव्हते. आणि ती न्हाई म्हणाली तर... तर काय, हे मी स्वतःशीसुद्धा पुरतं बोलू शकत नव्हते. मीही वैशाखात गच्चीवर जाते ती काय कुरडया बघायला जाते होय? गच्चीवरून लांबचा रस्ता दिसतो. कुणी खांद्यावर बॅग घेतलेला माणूस रस्त्यानं आला की तो वळून चेहरा दिसेपर्यंत मी खाली येत नाही. मला कुसुमची सुटका हवी होती आणि माझा भाऊही हवा होता. दोन्ही एका वेळी मिळणार नव्हतं.

रात्री बंदरातल्या शाळेत मुक्काम केला आणि सकाळी धक्क्यावर गेलो. ऊन चांगलंच तापलं होतं. होड्या ओळीनं बांधलेल्या, त्यांच्या दोऱ्या कुरकुरत होत्या. तांडेलकाका यंदा काठी घेऊन आले होते. त्यांनी आईला हात जोडले, मला म्हणाले, "बसायला खुर्ची देऊ?" मी नको म्हटलं, मला बसवणार नव्हतंच. भोंगे झाले. गर्दी गप्प झाली.

नाव, शांतता, घंटा. मी पुढच्या माणसाच्या चपलांकडं बघत होते. एका चपलेचा अंगठा तुटलेला, पिनेनं जोडलेला. नाव, शांतता, घंटा. आईच्या ओठांची चाळवाचाळव चालली होती. कुसुम हात खाली सोडून ताठ उभी होती, आणि यंदा तिचं तोंड समुद्राकडं होतं.

संपतचं नाव आलं.

तांडेलकाकांनी सवयीनं आईकडं पाहिलं. आईनं तोंड उघडलं होतं. पण तिनं कुसुमकडं पाहिलं आणि तशीच थांबली. मला वाटलं, कुसुमला बोलता येणार नाही. ही शांतता अशीच राहील, आणि त्या शांततेत माझा भाऊ पळून गेलेला ठरेल. मग कुसुमनं घसा साफ केला.

"न्हाई," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "न्हाई तो."

 तांडेलकाकांनी दोरी ओढली आणि माझ्या भावाच्या नावाची घंटा वाजली. मी खाली बसले. इतकी वर्षं बसायला येत नव्हतं, ती त्या तापलेल्या दगडावर फतकल मारून बसले आणि ढसाढसा रडले. कुसुमचा हात माझ्या डोक्यावर आला. आई कुठं आहे, तिचं काय झालं, हे बघायचं धैर्य मला होईना. मला फक्त तिची पावलं दिसत होती. ती हलली नाहीत.

वर तांडेलकाकांनी पुढचं नाव घेतलं होतं. कुणी बिजय. परराज्यातला, लांबचा. त्याच्या घरचं कुणी आलेलं नव्हतं. नाव हवेत राहिलं, पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येत राहिला, आणि तांडेलकाकांचा हात पुन्हा दोरीकडं गेला.

"न्हाई," आई म्हणाली.

मी वर पाहिलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. सगळे तिच्याकडं बघत होते. तिला वाटलं असावं, आपलं काही चुकलं. तिनं तांडेलकाकांना समजावून सांगितलं, "त्याच्या घरचं कुनी पोचलं न्हाई जनू. लांबचं हाय लेकरू. पळाला म्हनाया नगं कुनी."

तांडेलकाकांनी मान हलवली आणि घंटा दिली.